यामिकीतली ‘क्रिया’ आणि ‘वेगवाढ’

यामिकीबद्दल, म्हणजे वस्तूंच्या गतीच्या शास्त्राबद्दल, प्रश्न असा आहे: ‘वेगवाढ केली की क्रिया बदलते, गतीची समीकरणे मात्र तीच राहतात’ या वाक्यातली क्रिया न्यूटनच्या क्रिया-प्रतिक्रियेतलीच का? आणि वेगवाढ म्हणजे त्वरणच ना?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. घोटाळ्याचे मूळ शब्दांत आहे, म्हणून आधी शब्द पाहू.

न्यूटनने 1687 साली तिसरा नियम लॅटिनमध्ये लिहिला तेव्हा ‘अ‍ॅक्शिओ’ म्हणजे एका वस्तूने दुसरीवर लावलेले बल. शालेय पुस्तकांत ‘क्रिया बल’ असा जोडशब्द येतो तो फार बरा, त्यात शंकेला जागाच राहत नाही. दुसरी क्रिया मोपेर्त्वी आणि ऑयलर या गणितज्ञांच्या 1744 च्या लेखनातून पुढे आली आणि आयरिश गणितज्ञ हॅमिल्टनने 1834-35 मध्ये तिला आजचे रूप दिले. ही बल नव्हे, संपूर्ण प्रवासाचा हिशेब आहे. प्रत्येक क्षणी गतिज ऊर्जेतून स्थितिज ऊर्जा वजा करायची, त्या फरकाला वेळेने गुणायचे आणि सुरुवातीपासून शेवटपर्यंत बेरीज करत जायची. एकक ज्यूल-सेकंद. लॅटिन शब्द एकच, म्हणून मराठीतही दोघींना एकच नाव मिळाले. जर्मनांनी या दुसरीला ‘विर्कुंग’ म्हटले, म्हणजे शब्दशः ‘परिणाम’. आपल्याकडे ‘क्रिया’ आता रुळली आहे, ती बदलू नये असे मला वाटते. फक्त बलाबद्दल बोलताना ‘क्रिया बल’ हा पूर्ण शब्द लिहावा.

आता ‘वेगवाढ’. मूळ शब्द बूस्ट. त्यात कोणी कशालाही ढकलत नाही, ॲक्सिलरेटर दाबत नाही. तीच हालचाल स्थिर वेगाने जाणाऱ्या दुसऱ्या संदर्भचौकटीतून, म्हणजे तशा वेगाने जाणाऱ्या निरीक्षकाच्या जागेवरून, पाहायची, म्हणजे सगळ्यांच्या वेगात एकच ठरावीक वेग मिसळायचा, एवढेच.

ताशी 36 किलोमीटर, म्हणजे सेकंदाला 10 मीटर वेगाने सरळ धावणाऱ्या गाडीत एक प्रवासी 2 किलोचा जेवणाचा डबा घेऊन इंजिनाच्या दिशेने 6 मीटर जातो, 3 सेकंदांत. एकसारखा 2 मीटर/सेकंदने चालला, तर गाडीतल्या माणसाच्या हिशेबाने जेवणाच्या डब्याची क्रिया 12 ज्यूल-सेकंद. आधी 1 सेकंद उभा राहून मग 2 सेकंद 3 मीटर/सेकंदने गेला, तर 18. (उंची बदलत नाही, म्हणून स्थितिज ऊर्जा सोडून दिली आहे.) फलाटावरून पाहा: पहिल्या चालीची क्रिया 432, दुसरीची 438. आकडे कुठच्या कुठे गेले, पण दोन्हींत भर पडली ती बरोबर 420 ची.

ही 420 आली कुठून? वेगाच्या वर्गातून. (अ + ब)² उलगडताना मधले पद येते ना, तेच इथे मुख्य काम करते. त्याची सगळ्या वेळेवर बेरीज केली की वस्तुमान × गाडीचा वेग × गाडीतले विस्थापन, म्हणजे 120. उरलेले 300 हे अर्धे वस्तुमान × गाडीच्या वेगाचा वर्ग × वेळ. दोन्हींत फक्त सुरुवात आणि शेवट आहे, मधल्या वाटेचा पत्ताच नाही. मला या विषयात सर्वांत सुंदर वाटते ते हेच. वर्गातल्या सगळ्यांना सारखेच ग्रेस मार्क दिले तर पहिला नंबर ज्याचा त्याचाच राहतो. तसेच इथे: वस्तू सर्वांत कमी क्रियेची वाट धरते आणि गतीची समीकरणे याच नियमातून निघतात, आणि ती वाट फलाटावरूनही तीच ठरते. म्हणून गतीची समीकरणे बदलत नाहीत. (काटेकोरपणे ती क्रिया लघुतमच असते असे नाही, वाट अगदी जराशी हलवली तर क्रियेत जवळजवळ फरक पडत नाही इतकेच, पण युक्तिवाद हाच राहतो.)

आता त्या प्रवाशाच्या बरोबरीने 2 मीटर/सेकंदने चालणारा दुसरा माणूस घ्या. त्याला पहिल्या चालीत जेवणाचा डबा जागच्या जागी दिसतो, क्रिया 12 वरून शून्यावर येते, आणि दुसऱ्या चालीची 18 वरून 6 वर. दोन चालींतला फरक पुन्हा 6 च. इथे ‘वेगवाढ’ केली आणि वेग घटला! म्हणून हा शब्द मला पटत नाही. ‘वेगाची भर’ म्हणावे. भर उलट्या दिशेचीही घालता येते, आणि ती बाहेरून घातलेली असते हे ‘भर घालणे’ या प्रयोगातच येते. फक्त त्याचा ‘वेगभर’ असा समास करू नये. दिवसभर, पोटभर यांच्या सवयीने तो भलताच वाचला जाईल.

मूळ वाक्य मी असे लिहीन: ‘सर्वांच्या वेगात एकाच स्थिर वेगाची भर घातली, तर क्रियेत पडणारा फरक केवळ दोन टोकांवर अवलंबून असतो, म्हणून गतीची समीकरणे तीच राहतात.’