४,२०० भरले, ७३१ फिटले

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझा संताप पोचला. ऑफिसात टेबल टाकून बसलेल्या पोरानं 'लाइफटाइम फ्री' म्हणत क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं, बघता बघता लिमिट पगाराच्या तिप्पट झालं, आणि आता दर महिन्याला पैसे भरूनही आकडा जागचा हलत नाही. 'ही सरळ लूट आहे,' असं तू लिहिलंयस. असेल. पण आधी हिशेब कागदावर मांडू, म्हणजे शिव्या घालायच्या तर नेमक्या जागी घालता येतील.

तू पाठवलेलं स्टेटमेंट शेवटच्या पानापर्यंत वाचलं. बाकी ८४,००० रुपये. व्याज महिना साडेतीन टक्के. साडेतीन ऐकायला किरकोळ वाटतं, वर्षाचे ते ४२ होतात. महिन्याचं व्याज झालं २,९४० रुपये. त्या व्याजावर पुन्हा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५२९. दोन्ही मिळून ३,४६९. आणि तू भरतोस 'मिनिमम अमाउंट ड्यू', म्हणजे बिलातली किमान रक्कम, ४,२००. कर वजाबाकी. मुद्दलातून फिटले ७३१ रुपये. त्याच महिन्यात तू दोनदा बाहेरून जेवण मागवलंयस आणि एकदा पेट्रोल भरलंयस, तेही याच कार्डावर. म्हणजे ते ७३१सुद्धा गेले.

मेख पुढे आहे. ते पन्नास दिवस बिनव्याजी वगैरे जे सांगतात, ते संपूर्ण बिल भरणाऱ्यासाठी. एकदा बाकी मागे ठेवलीस की नव्या खरेदीलाही खरेदीच्या दिवसापासून व्याज लागतं. एटीएममधून कार्डावर रोकड काढलीस तर बिल पूर्ण भरणाराही सुटत नाही, व्याज त्याच दिवसापासून आणि वर फी. 'मिनिमम' भरल्यानं एवढंच होतं की लेट फी लागत नाही आणि कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या सिबिलला तू थकबाकीदार दिसत नाहीस. बँकेला तुझ्यासारखा नियमित मिनिमम भरणारा गिऱ्हाईक फार आवडतो.

आता तुझा प्रश्न, एवढं व्याज घ्यायला कायदा कसा देतो? याचा मलाही राग येतो. महाराष्ट्रात परवाना घेतलेल्या सावकाराला बिगरशेती, विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, आणि व्याजापोटी मुद्दलाहून जास्त रक्कम वसूल करता येत नाही. हीच ती जुनी दामदुपट. २०१४च्या सावकारी कायद्यातही ती आहे. मे १८७५मध्ये पुणे जिल्ह्यात सुप्याच्या लोकांनी सावकारांचे कर्जरोखे आणि वह्या जाळल्या, ते लोण पुणे-नगर भागात पसरलं, तेव्हा कुठे इंग्रज सरकारनं १८७९ साली कर्जदार शेतकऱ्यांसाठी कायदा केला. सावकाराला वेसण पडली ती अशी. बँका या वेसणीच्या बाहेर आहेत. बँकिंग नियमन कायद्याचं कलम २१ए सांगतं की व्याज जादा आहे एवढ्याच कारणावरून कोर्टानं बँकेचा व्यवहार उकरायचा नाही. २००८मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगानं कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणं अनुचित ठरवलं होतं. बँका सुप्रीम कोर्टात गेल्या आणि २० डिसेंबर २०२४ला तो निकाल रद्द झाला. तेव्हा दरावरून भांडायला जाऊ नकोस, हाती काही लागणार नाही.

भांडायचं तर वागणुकीवरून भांड. तिथे नियम तुझ्या बाजूनं आहेत. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुझी स्पष्ट संमती घेतल्याशिवाय लिमिट वाढवता येत नाही. तुझं कसं वाढलं, ओटीपी दिला होतास का, हे शोध. देय तारखेनंतर तीन दिवस उलटल्याखेरीज लेट फी लावता येत नाही, तुझी मे महिन्याची फी यात बसते का बघ. आणि वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी नि संध्याकाळी सातनंतर चालत नाहीत. एकदा तारीख चुकली तर तुला रात्री नऊला फोन आला, आईलाही केला. त्या फोनवरच्या पोराशी हुज्जत घालू नकोस, तोही टार्गेटखाली पिचलेला आहे. वेळ, नंबर, नाव लिहून ठेव आणि बँकेच्या तक्रार विभागाला ईमेल कर. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, फुकट.

पण तक्रारीनं ८४,००० फिटणार नाहीत. त्यासाठी कर्ज बदल. १६ टक्क्यांनी दोन वर्षांचं पर्सनल लोन घेतलंस तर हप्ता बसतो साधारण ४,११३ रुपये. तू आत्ता भरतोस त्याच्यापेक्षा कमीच, आणि चोवीस हप्त्यांत विषय संपतो. प्रोसेसिंग फी किती ते आधी विचार. तुमच्या कंपनीत नोकरदारांची पतसंस्था असेल तर पहिल्यांदा तिथे जा. दोन जामीनदार लागतील, सहकाऱ्यांसमोर तोंड उघडावं लागेल, लाज वाटेल. वाटू दे. मोबाइलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अॅपांच्या वाटेला मात्र चुकूनही जाऊ नकोस.

'पन्नास हजारांत सेटल करून टाका' असा फोन येईल. मोह होईल, पण सिबिलमध्ये 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढे घराच्या कर्जाला तो आडवा येतो. तू कमावतोयस, पूर्ण फेडू शकतोस. सेटलमेंट ज्याच्याकडे खरंच काही उरलेलं नाही त्याच्यासाठी ठेव.

लोनचे पैसे आले की त्याच दिवशी कार्डाची बाकी शून्य कर आणि कार्ड बंद करायचा लेखी अर्ज दे. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये तुला द्यावे लागतात. बाकी नसल्याचं पत्र मागून घे. बाबांना हे सगळं तू स्वतः सांग, वसुलीवाल्यानं सांगण्याआधी.

आणि हो, रिवॉर्ड पॉइंट कार्ड बंद करण्याआधी बिलात वळते करता येतात का बघ. चार-पाचशे रुपये का होईना, सोडायचे कशाला?

तुझा,
काका