कार्डासोबतचा कागद वाचलास का?

कोल्हापूर, ऑगस्ट

पोरी,

तुझा लांबलचक मेल दोनदा वाचला. सिनियर काय म्हणाला, आखेनच्या ग्रुपवर कुणी काय टाकलं, शाहूपुरीतला एजंट तुझ्या बाबांना काय बोलला आणि मामांचं मत काय, सगळं त्यात आहे. जर्मनीत राहायच्या परवान्याचं जे कार्ड तुझ्याकडं आहे, त्यासोबत जो हिरवा घडीचा कागद मिळतो, त्यावर काय छापलंय ते मात्र कुठंच नाही. चौघांची मतं पाठवलीस आणि स्वतःचा कागद वाचला नाहीस. मला राग त्याचा आला. तुझ्या गोंधळाचा नाही.

आपल्याकडं सातबारा निघाला की माणसं 'इतर हक्क' रकान्यातली ओळ न् ओळ चष्मा लावून वाचतात, कळली नाही तर तलाठ्याच्या डोक्यावर बसतात. तुझा हिरवा कागद म्हणजे तुझा 'इतर हक्क'. कुठल्या विद्यापीठात, कुठल्या अभ्यासक्रमासाठी राहायचं, काम किती करायचं, हे तिथं लिहिलेलं असतं. जर्मन कळत नाही म्हणू नकोस. दोन वर्षं काढलीस तिथं.

आता तुझी अडचण. कार्ड 30 सप्टेंबरला संपतं, प्रबंध फेब्रुवारीपर्यंत लांबलाय, दादाचं लग्न डिसेंबरात, आणि परदेशी नागरिकांच्या कार्यालयाची, म्हणजे तुम्ही सगळे ज्याला आउसलेंडरबेहोर्ड म्हणून शिव्या घालता त्याची, अपॉइंटमेंट नोव्हेंबरशिवाय नाही. एजंट म्हणतो, कार्ड संपलं तरी चालतं, विमानात बसा. मामा म्हणतात, लग्नाला येऊच नकोस. दोघांनीही कायदा उघडलेला नाही.

2005 पासून लागू असलेला तिथला निवास कायदा आहे, त्याचं कलम 81 उघड. न्याय मंत्रालयाच्या संकेतस्थळावर फुकट आहे, इंग्रजी अनुवादही आहे. पण अनुवाद कधीकधी मागं राहतो, म्हणून जर्मन मजकूर शेजारी ठेव. चौथं उपकलम सांगतं की परवाना संपण्याआधी मुदतवाढीचा अर्ज केला, तर निर्णय होईपर्यंत जुना परवाना चालू धरला जातो. म्हणजे नोव्हेंबरच्या अपॉइंटमेंटचा बाऊ करू नकोस. अर्ज मात्र 30 सप्टेंबरच्या आत तिथं पोचला पाहिजे आणि पोचल्याचा पुरावा तुझ्याकडं पाहिजे. 'कृपया तारीख द्या' एवढाच मेल अर्ज ठरेल या भरवशावर राहू नकोस. परवाना कशासाठी, कधीपर्यंत वाढवून हवा, हे स्पष्ट लिही आणि विद्यापीठाचं पत्र जोड. खर्चाची सोयही दाखवावी लागेल. 2024 च्या सप्टेंबरपासून महिना 992 युरो धरतात. अर्जाच्या दिवशी तो आकडा पुन्हा बघ.

अर्ज झाला की तात्पुरता दाखला माग, फिक्त्सिऑन्सबेशायनिगुंग. त्यावर चौकोन असतात आणि त्यातल्या एकात खूण. कलम 81 च्या चौथ्या उपकलमाच्या चौकोनात खूण असेल, तर जुनं कार्ड आणि हा दाखला घेऊन भारतात येऊन परत जाता येतं. तिसऱ्या उपकलमाच्या चौकोनात असेल, तर जर्मनीत राहता येतं, पण बाहेर पडलीस की त्या दाखल्यावर आत जाता येत नाही. कागद तोच, खूण वेगळी. एजंटाला हा फरक माहीत असता तर त्यानं 'चालतं' म्हटलं नसतं. तो तुझ्याबरोबर मुंबईच्या काउंटरवर उभा राहणार नाही.

तुझ्या सिनियरचंही सांगतो. त्यानं वर्षाला 120 दिवस काम करता येतं म्हणून सांगितलं. 2024 च्या मार्चपर्यंत ते खरं होतं. आता 140 पूर्ण दिवस, किंवा 280 अर्धे. पोरगा खोटं बोलला नाही, त्याच्या वेळचं बोलला. म्हणून परत सांगतो, स्वतः वाच.

आणि आत्ताच नोकरी शोधण्याच्या परवान्यावर जा, हा सल्ला तर डोक्यातून काढून टाक. तो शिक्षण पूर्ण झाल्यावर मिळतो, जास्तीत जास्त 18 महिन्यांचा. पदवी हातात नसताना तो मागून काय मिळणार? आधी विद्यार्थी म्हणूनच मुदत वाढव. पुढं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना, मिळालं तर कायमचा परवाना 27 महिन्यांनी मागता येतो, बी-1 म्हणजे मधल्या पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांनी. भाषेचा क्लास सोडू नकोस, सहा महिने वाचतात.

सहा महिन्यांवरून आठवलं. तुझ्या घरी माझ्याबद्दल बोलतात ते मला ठाऊक आहे. काकांनी जर्मनीचा कायमचा परवाना घालवला. घालवायला मी झोपलो नव्हतो. सहा महिन्यांहून जास्त बाहेर राहिलं की तो रद्द होतो, कलम 51, मला पाठ होतं. आईनं अंथरूण धरलं तेव्हा निघण्याआधी मी कार्यालयात जाऊन मुदत वाढवून मागितली, मिळालीही. ती संपत आली तेव्हा आई अजून तशीच होती, आणि मी दुसऱ्यांदा मागितलं नाही. बायको तेव्हा म्हणाली, निदान अर्ज तर टाका. टाकायला हवा होता का? श्टुटगार्टजवळच्या त्या मशीन शॉपमध्ये माझ्याएवढा कास्टिंग ओळखणारा दुसरा नव्हता, हे मी आजही सांगतो, आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत उभा असताना ते आठवतंही. पण मला कुणी फसवलं नाही, तारीख माझ्या नकळत गेली नाही. मी ठरवलं. नियम माहीत असणाऱ्यालाच ठरवता येतं; बाकीच्यांचं कुणीतरी खिडकीपलीकडून ठरवतं. माझ्या भावांना हे पटत नाही. न पटू दे.

असो. पत्र तुझं आहे.

असले नियम तिकडंच असतात असंही समजू नकोस. आमच्या फाउंड्रीत एक जर्मन इंजिनियर मोठ्या मुदतीच्या व्हिसावर आला होता. 180 दिवसांहून जास्त मुदतीचा व्हिसा असेल तर इथं पोचल्यापासून 14 दिवसांत नोंदणी करावी लागते. आम्ही सगळे बघू, करू म्हणत होतो. त्यानं स्वतः नियम छापून आणला आणि टेबलावर ठेवला. मालक म्हणाले, लई शिस्तीचा गडी. मला तर तो साधा शहाणा वाटला.

आई-बाबांना पुढं तिकडं न्यायचं म्हणतेस. पाहुणे म्हणून येतील तर 180 दिवसांत 90 दिवस, त्यापुढं नाही. तिथं गेल्यावर वाढवून घेऊ, हे आपल्या गल्लीतलं गणित तिथं लावू नकोस.

आता काम. या रविवारपर्यंत हिरव्या कागदाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठव, पण त्याआधी त्यातलं प्रत्येक वाक्य मराठीत लिहून काढ आणि तेही पाठव. तुझं लिहिलेलं आल्याशिवाय मी फोटो उघडणार नाही. अर्जाचा मसुदा तूच कर, मी फक्त खुणा करीन. लग्नाचं तिकीट दाखल्यावरची खूण बघितल्यावरच काढायचं, आणि शक्यतो थेट जर्मनीत उतरणारं. दुसऱ्या देशात विमान बदलताना तो दाखला समजावत बसण्यात अर्थ नाही. महाग पडेल, पडू दे. बाबांशी मी बोलतो, आणि एजंटाला दिलेले पैसे परत मागायलाही सांगतो.

तुझा,
काका