वजिराचा बळी : योगायोग की कौशल्य?

प्रश्न : माझी मुलगी ११ वर्षांची आहे. नाशिकमध्ये नुकत्याच झालेल्या बुद्धिबळाच्या एका खुल्या स्पर्धेत तिने आपल्यापेक्षा जवळपास ४०० गुणांनी वरचढ मानांकन असलेल्या प्रौढ खेळाडूला वजिराचा बळी देऊन (म्हणजे वजीर मुद्दाम मारू देऊन) हरवले. काही जाणकार मात्र म्हणतात, की असा डाव एखाद्या वेळी लागून जातो. ते खरे मानावे का? आणि यापुढे तिच्याकडून डावपेचांची कोडीच सोडवून घ्यावीत का?
— एक पालक, पंचवटी, नाशिक

उत्तर : मुलीचे मनापासून अभिनंदन. मानांकनात ४०० गुणांचा फरक असताना खालच्या खेळाडूला, बरोबरीचे अर्धे गुण धरूनही, १०० डावांत आठ-नऊच गुण मिळावेत असे एलो पद्धतीचे, म्हणजे मानांकन काढण्याच्या रूढ पद्धतीचे, गणित सांगते. तेव्हा हा निकाल विरळा खराच. पण विरळा म्हणून तो योगायोगाचा ठरत नाही. वजिराचा बळी फळाला येतो तेव्हा त्याची तयारी आधीच्या आठ-दहा खेळ्यांत झालेली असते, आणि मुलीचा डाव पारखायचा तर तो तेथून पारखावा.

त्यासाठी पुढे जगज्जेता झालेल्या अमेरिकेच्या बॉबी फिशरने वयाच्या १३ व्या वर्षी, १९५६ साली न्यूयॉर्कमध्ये डोनाल्ड बर्न यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी खेळलेला डाव तिच्यासोबत पटावर मांडा. बर्न तेव्हा २६ वर्षांचे होते आणि १९५३ ची अमेरिकन खुली स्पर्धा त्यांनी जिंकलेली होती. या डावाची चर्चा नेहमी १७ व्या खेळीभोवती होते, कारण तेथे फिशरने आपला वजीर माऱ्यात तसाच सोडून उंट ई-६ वर आणला (घराच्या नावातले अक्षर उभी पट्टी सांगते, आकडा आडवी ओळ). मला ११ वी खेळी अधिक मोलाची वाटते. बर्न यांनी पहिल्या दहा खेळ्यांत वजीर तीनदा हलवला होता, मग बाहेर काढलेला उंटही पुन्हा हलवला, आणि त्यांच्या राजाचा किल्लेकोट, म्हणजे राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी खेळी, राहूनच गेला होता. फिशरचा राजा सुरक्षित होता. अशा वेळी त्याने घोडा ए-४ वर, पांढऱ्या घोड्याच्या तोंडी, नेऊन ठेवला. तो मारला असता तर काळ्याचा दुसरा घोडा ई-४ चे प्यादे घेऊन वजीर आणि उंट या दोघांवर एकदम चालून आला असता. बर्न यांनी वजीर मागे घेतला, तरी ते प्यादे गेलेच, ई पट्टी मोकळी झाली आणि १६ व्या खेळीला हत्तीच्या शहाने राजाला एफ-१ वर जावे लागले.

यानंतरचा वजिराचा बळी म्हणजे त्या कामाचे फळ आहे. बर्न यांनी ई-६ वरचा उंट मारला असता, तर काळा वजीर शह देत बी-५ वर आला असता, घोड्याने दुहेरी शह (एकाच खेळीने दोन मोहऱ्यांचा शह) दिला असता, वजिराने एफ-१ वर स्वतःला झोकून देऊन पांढऱ्या हत्तीला त्या घरात ओढले असते आणि आपल्याच हत्तींनी व प्याद्यांनी कोंडलेल्या राजावर एकट्या घोड्याने मात केली असती. बर्न यांनी वजीरच घेतला. मग घोड्याच्या हालचालींतून एकामागून एक शह बसत गेले, वजिराच्या बदल्यात फिशरला एक हत्ती, दोन उंट आणि एक प्यादे मिळाले, आणि ४१ व्या खेळीला मात झाली.

हेही मुलीला अवश्य सांगा, की त्याच स्पर्धेत फिशरला ११ डावांत साडेचारच गुण मिळाले होते. त्यामुळे तो डाव लहान ठरला नाही, आणि फिशरही तेवढ्यावर थांबला नाही; जानेवारी १९५८ मध्ये, वयाच्या १४ व्या वर्षी, तो अमेरिकेचा विजेता झाला.

कोडी सोडवावीत, पण निव्वळ कोडी नकोत. कोड्यात ‘येथे काहीतरी आहे’ हे आधीच ठाऊक असते. प्रत्यक्ष डावात ते कोणी सांगत नाही. म्हणून प्रत्येक उत्तरानंतर तिने दोन ओळी लिहाव्यात : कोणते मोहरे निराधार होते, राजा कोठे अडकला होता. जिंकलेल्या डावाची नोंदही आधी संगणकाविना, स्वतःच्या शब्दांत समजावून सांगू द्या, आणि अंतिम टप्प्याचा अभ्यास व हरलेले डाव यांना निम्मा वेळ द्या. आपल्या नाशिकचे विदित गुजराथी यांनी २०२४ च्या टोरांटो येथील कँडिडेट्स स्पर्धेत (जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत), दुसऱ्या फेरीत, अधिक मानांकन असलेल्या अमेरिकेच्या हिकारू नाकामुरा यांना काळ्या मोहऱ्यांनी हरवताना ११ व्या खेळीला उंटाने एच-३ चे प्यादे मारले. त्या क्षणी काळ्याची कोणकोणती मोहरी राजाच्या दिशेने रोखलेली होती, हे तिला पटावर शोधायला सांगा.

प्रश्न : माझा विद्यार्थी वरचढ खेळाडूंना वारंवार हरवतो, तरी त्याचे मानांकन कमीच कसे?
— एक शिक्षिका, नाशिक रोड

उत्तर : मानांकन मागच्या डावांवर ठरते, आणि मुलांचा खेळ त्याहून भराभर वाढतो. म्हणूनच फिडे ही जागतिक बुद्धिबळ संघटना १८ वर्षांखालील आणि २३०० पेक्षा कमी मानांकनाच्या खेळाडूंसाठी ४० चा गुणक लावते; गुणक मोठा, तितके एका डावाने मानांकन अधिक बदलते. ४०० गुणांच्या फरकाने मिळालेला विजय अशा मुलाला सुमारे ३७ गुण देतो, तर २० चा गुणक असलेल्या प्रौढाला १८ च्या आसपास. मात्र हे गुण मानांकित स्पर्धांतच मिळतात; त्या तो कमी खेळत असेल, तर त्याला आधी तेथे उतरवा.