वरच्या दाढेच्या जागी ६ मिमीचा छोटा इम्प्लांट (कृत्रिम दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) टिकतो का, की सायनस लिफ्ट करून लांबच घालावा?

टिकतो, हाड कमी असेल तर छोटा घ्यायला काहीच हरकत नाही. वरच्या दाढांच्या वर सायनस (हाडातली हवेची पोकळी) असतो आणि दाढ काढून बरीच वर्षं झाली की तिथलं हाड झिजतं, मग लांब इम्प्लांटसाठी आधी सायनस लिफ्ट करून, म्हणजे सायनसचा तळ वर उचलून, हाड भरायचं, म्हणजे जास्तीची सर्जरी, सूज, खर्च आणि बऱ्याचदा काही महिने थांबायचं. दोन्हींची तुलना केलेल्या ट्रायल्समध्ये ५ वर्षांपर्यंत टिकण्याचं प्रमाण जवळपास सारखंच आलंय, बऱ्याच ठिकाणी ९५ टक्क्यांच्या वर, आणि छोट्यात गुंतागुंत कमी. फक्त १० वर्षांपुढचा डेटा अजून कमी आहे, त्यामुळे सिगारेट किंवा झोपेत दात खायची सवय असेल (बायकोला विचारा, तुम्हाला कळणार नाही) तर डेंटिस्टला आधीच सांगा.