दरड कोसळल्यावर ड्रोनचे फोटो पुरतात की लेझर स्कॅनिंगही लागतं?

तुम्ही विचारलंय की भांडुपला तुमच्या चाळीमागची टेकडी या पावसात खचली, चार घरं गेली, आणि वस्तीची समिती वर्गणी काढून ड्रोन सर्व्हे करायचं म्हणतेय. नुसते फोटो काढावेत की लेझरचा जादा खर्च करावा? मी बारा वर्षं सर्वेक्षणाच्या कामात आहे, बरंचसं काम मुंबई-रायगडच्या उतारांवरच झालंय. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जिथून माती निघून गेली तो उघडा लाल भाग मोजायला फोटो पुरतात. त्याच्या वर झाडीत जो उतार अजून उभा आहे, तो तपासायचा तर लेझर हवा. आणि तुम्हाला खरी भीती त्या वरच्या भागाचीच आहे.

फोटोंच्या पद्धतीत ड्रोन एकाच जागेचे अनेक फोटो काढतो, लागोपाठचे फोटो एकमेकांवर ७०-८० टक्के चढलेले असतात. एकच दगड दोन-तीन फोटोंत किती सरकलेला दिसतो यावरून सॉफ्टवेअर त्याची उंची काढतं. भेगा, फुटलेली संरक्षक भिंत, कुणाचे किती पत्रे गेले, सगळं रंगासकट दिसतं. पंचनाम्याला जोडायला याहून चांगलं काही नाही. पण झाड आडवं आलं की शेंडा मोजला जातो, जमीन नाही.

लेझर स्कॅनर सेकंदाला लाखो झोत सोडतो आणि प्रत्येक झोत परत यायला लागलेला वेळ मोजतो. वेळ एका नॅनोसेकंदाने चुकली तर अंतर १५ सेंटीमीटरने चुकतं, इतकं ते नाजूक काम आहे. एकाच झोताचा थोडा प्रकाश पानावरून परततो, थोडा फटीतून जमिनीपर्यंत जातो. हे खालचे बिंदू वेगळे काढले की सगळी झाडी नकाशावरून बाजूला करता येते. सुबाभळीच्या दाट रानाखाली, दरडीच्या कड्यापासून थोडी वर, हातभर उंचीची चंद्रकोरीसारखी पायरी मी अशीच पाहिली आहे. जमीन तिथे आधीच सुटू लागली होती. फोटोत त्या जागी फक्त हिरवळ होती.

पण पावसाळ्यात दोन्हींचे हाल होतात. पाऊस आणि धुकं झोत अडवतात, भिजलेल्या पृष्ठभागावरून प्रकाश कमी परततो, भरगच्च पानांतून फार थोडे बिंदू खाली पोचतात. इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ च्या रात्री दरड आली, तेव्हा खराब हवेमुळे हेलिकॉप्टरसुद्धा वर जाऊ शकलं नव्हतं. आपल्याकडे आणखी एक भानगड असते, निळी ताडपत्री. एका वस्तीत उतारावर एकाखाली एक लागलेली छपरं सॉफ्टवेअरने जमीनच धरली, आणि टेकडी जागोजाग दोन-अडीच मीटर उंच झाली. एकेक छप्पर हाताने पुसायला मला तीन दिवस लागले. तुम्हाला नकाशा देणाऱ्याला हे जरूर विचारा: छपरं काढलीत का?

किती माती आली हा आकडा मागाल तर सावध राहा. दरडीआधीची उंची वजा नंतरची उंची, असं ते गणित आहे. २,००० चौरस मीटर जागेत उंची सगळीकडे १० सेंटीमीटरने चुकली तर २०० घनमीटरचा फरक पडतो, म्हणजे साधारण वीस डंपर. शिवाय सुटलेला मुरूम फुगतो आणि थोडा नाल्यातून वाहून जातो, त्यामुळे वरचा खड्डा आणि खालचा ढीग कधीच जुळत नाहीत.

आणि वजाबाकीला ‘आधीचा’ नकाशा लागतो. माझा सगळा जीव यातच अडकलाय. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात ओसो इथे मार्च २०१४ मध्ये दरडीखाली ४३ माणसं गेली. तिथे २०१३ चा लेझर नकाशा हाती होता, म्हणून काय कुठून कुठे गेलं ते नीट मोजता आलं. त्याच खोऱ्यात पूर्वीच्या मोठ्या दरडींचे व्रणही त्या नकाशांत दिसतात. आपल्याकडे घाटकोपरचं आझाद नगर २००० साली, साकीनाका २००५ साली, चेंबूर आणि विक्रोळी २०२१ साली. जुलै आला की तेच. प्रत्येक वेळी आपण दरड पडल्यावर मोजायला धावतो. टेकडी मोजायची वेळ एप्रिल-मे, जेव्हा पानं गळलेली असतात आणि जमीन कोरडी असते.

म्हणून तुमच्या वर्गणीतून आत्ता उघडीप बघून फोटोच करून घ्या. लेझरसाठी वॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज द्या आणि काम एप्रिल-मे मध्येच व्हावं असं त्यात लिहा. विमानतळामुळे मुंबईत उडवण्यावर बरीच बंधनं आहेत, म्हणून ड्रोनवाल्याने डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावर झोन तपासून पोलिसांची परवानगी घेतली आहे ना, ते कागद बघा. न खचणाऱ्या पक्क्या जागी खुणेचे बिंदू रोवायला सांगा, म्हणजे दोन्ही नकाशे एकमेकांवर नीट बसतील.

तोवर भेग बघायला कुणी वर चढू नका. दारं अचानक अडकू लागली, खांब कलले, झऱ्याचं पाणी गढूळ झालं, तर घर सोडा आणि महापालिकेच्या आपत्ती मदत क्रमांकाला, १९१६ ला, फोन करा. सर्व्हेवाल्याकडून छापील नकाशाबरोबर मूळ फोटो आणि बिंदूंची फाइल हार्ड डिस्कवर मागून घ्या, आणि ती डिस्क समितीच्या कपाटात ठेवा. मे महिन्यात जो कुणी टेकडी मोजायला येईल, त्याला वजाबाकीसाठी तीच लागेल.