हेटरोक्रोमॅटिनला ‘निष्क्रिय’ म्हणावं का?

दापोलीच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: बारावीच्या मुलांना सोपं जावं म्हणून हेटरोक्रोमॅटिनला ‘निष्क्रिय क्रोमॅटिन’ म्हटलं तर चालेल का?

बाई, माझ्या मते नको. क्रोमॅटिन म्हणजे डीएनए आणि प्रथिनं मिळून झालेला, गुणसूत्रं ज्याची बनतात तो पदार्थ; हेटरोक्रोमॅटिन हा त्याचा घट्ट गुंडाळलेला भाग. त्याचं नाव कामावरून नाही, रंगावरून पडलंय. पावसाळ्यात आपल्याकडे जांभ्याच्या गडग्यांवर हिरवंगार मॉस चढतं ना, तसल्या वनस्पतींच्या पेशी एमिल हाइट्झ हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ रंगवून बघत होता. पेशीविभाजन संपलं की गुणसूत्रं सैल होतात, रंग फिकट दिसतो. काही भाग मात्र तसेच घट्ट आणि गडद राहतात. त्यांना त्यानं १९२८ मध्ये ‘हेटरो’, म्हणजे निराळं, हे विशेषण लावलं. सैल होणारं ते यूक्रोमॅटिन.

‘निष्क्रिय’ अगदीच खोटं नाही. घट्ट गुंडाळीत बहुतेक जनुकं गप्पच असतात. पण सेंट्रोमिअरच्या, म्हणजे गुणसूत्राचे जुळे धागे जिथे जोडलेले असतात त्या जागेच्या, आसपासचं हेटरोक्रोमॅटिन विभाजनाच्या वेळी हे धागे एकत्र धरून ठेवायला मदत करतं. फळमाशीची काही जनुकं तर हेटरोक्रोमॅटिनमध्ये असली तरच नीट चालतात! याला निष्क्रिय कसं म्हणायचं?

आणि ‘निष्क्रिय’ म्हटलं की तो त्या भागाचा जन्माचा स्वभाव वाटतो. लिंबावर, जास्वंदीवर कापसासारखे चिकटणारे पिठ्या ढेकूण मुलांना जरूर दाखवा. लिंबावरच्या पिठ्या ढेकणावर याचा भरपूर अभ्यास झालाय. त्याच्या नरात बापाकडून आलेला गुणसूत्रांचा अख्खा संच गर्भातच घट्ट होऊन बंद पडतो. मादीत मात्र बापाचा संच सैल राहतो, काम करतो. नर पुढच्या पिढीला देतो तो फक्त आईकडून मिळालेला संच. म्हणजे जो संच त्याच्या अंगात चालू होता, तोच त्याच्या मुलात बंद आणि मुलीत चालू! डीएनए तोच, अवस्था वेगळी. बाईमाणसाच्या पेशीतल्या दोनपैकी एका एक्स गुणसूत्राचंही बरंचसं असंच होतं.

म्हणून वर्गात ‘घट्ट क्रोमॅटिन’ आणि ‘सैल क्रोमॅटिन’ म्हणा. ‘घन’ही सुचेल, पण त्यानं मुलांना घनफळ आठवतं. घट्टातही दोन प्रकार सांगा: सेंट्रोमिअरजवळचं ‘कायम घट्ट’ आणि पिठ्या ढेकणातलं ‘प्रसंगी घट्ट’. उत्तरपत्रिकेत मात्र हेटरोक्रोमॅटिन हाच शब्द लिहायला सांगा.