ओसिएत्स्कींचे नोबेल

प्रश्न : जर्मन पत्रकार कार्ल फॉन ओसिएत्स्की शांततेचे नोबेल स्वीकारायला गेले नाहीत, हे खरे का?
— एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : गेले नाहीत म्हणण्यापेक्षा त्यांना जाऊ दिले नाही, असे म्हणणे योग्य ठरेल. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाने हवाई दल ठेवण्यास मनाई असताना जर्मनी ते गुप्तपणे उभारत असल्याचे उघड करणारा लेख त्यांनी १९२९ मध्ये ‘दी वेल्टब्यूने’ या आपल्या साप्ताहिकात छापला. लेख दुसऱ्याचा होता, तरी संपादक म्हणून त्यांनाही १९३१ मध्ये अठरा महिन्यांची शिक्षा झाली आणि देश सोडणे शक्य असूनही ते तुरुंगात गेले. (तेवढीच शिक्षा १८९७ मध्ये ‘केसरी’तील लेखनासाठी टिळकांना झाली होती, हे पुणेकरांना आठवेल; टिळक अर्थातच ओसिएत्स्कींसारखे शांततावादी नव्हते.) १९३२ च्या अखेरीस सुटका झाली, पण राइशटागच्या (जर्मन संसद भवनाच्या) आगीनंतर नाझींनी त्यांना पुन्हा पकडून छळछावणीत धाडले. १९३५ चे पारितोषिक १९३६ मध्ये जाहीर झाले तेव्हा ते क्षयाने खंगले होते. पारितोषिक नाकारावे म्हणून खुद्द नाझी नेता गोरिंगने आणलेल्या दबावाला ते बधले नाहीत. सरकारने मात्र त्यांना ते स्वीकारण्यासाठी नॉर्वेला जाण्याची परवानगी दिली नाही. ४ मे १९३८ रोजी बर्लिनमध्ये, पोलिसांच्या नजरेखालीच, त्यांचे निधन झाले.